भुताला कडी अडवते का? (गूढ गुन्हेकथा वाचतानाचे तुमचे अनुभव)

निशिगंध_७

काल रात्री एक कादंबरी संपवली. नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली शेवटाची चिरफाड आहे. ज्यांच्या हातात ती आत्ता आहे ते मला शिव्या घालतील. ओळखलंत तरी गप्प बसा.

जुना वाडा, एकाच घराण्यातले तीन खून. सुरीवर ठसे सापडतात ते अशा माणसाचे, जो त्या वेळी आयसीयूत व्हेंटिलेटरवर होता आणि तसं कॅमेऱ्यात दिसतंय. पूर्वार्ध कसला बांधलाय! पंचनाम्याचं प्रकरण तर मी दोनदा वाचलं. पंच म्हणून ओढून आणलेला शेजारी सारखा घड्याळ बघतो, त्याला कामावर जायचंय, आणि सही करायच्या वेळी हवालदाराचं पेन चालत नाही. तो ते तळहातावर घासून बघतो, प्रेत तिथंच पडलेलं. अंगावर काटा आला तो तिथे.

मग निम्म्यावर मांत्रिक येतो आणि एका प्रकरणात सगळं 'समजावून' सांगतो. बरं, तेही चाललं असतं. पण जे काही आहे ते आधी भिंतीतून आरपार जातं, आणि शेवटी इन्स्पेक्टर त्याला खोलीत कोंडतो कसं? बाहेरून कडी घालून! मी रात्री पुस्तकाकडे बघून मोठ्याने "अहो!" म्हणाले, नवरा दचकून उठून बसला. तेवढीच काय ती भीती त्या शेवटाने आमच्या घरात निर्माण केली.

माझं म्हणणं एवढंच की भूत असू दे, पण ते काय करू शकतं आणि काय नाही हे निम्म्या पुस्तकाच्या आत कळू दे. नंतर नियम बदलायचे नाहीत.

यावरून शाळेत असताना वाचनालयातून आणलेली एक प्रत आठवली. शेवटची पानं फाटलेली. मी आणि दादाने खुनी कोण ते आपापलं ठरवून टाकलं, आणि त्यावरून आमचं अजून वाजतं. तुमचेही असे किस्से असतील तर येऊ द्या. घाबरलेले, फसलेले, चिडलेले, सगळे चालतील.

कावळा_उडाला

मांत्रिक आला की पुस्तक मिटायचं, हा माझा जुना नियम.

पिंपळपान

आमच्या वाचनालयात एक महाभाग पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. गंमत म्हणजे कधी कधी मुद्दाम चुकीचं लिहायचा. त्यामुळे पुस्तक हातात आलं की दोन रहस्यं असायची: खुनी कोण, आणि हा बाबा आज खरं बोलतोय का. मला तर दुसरंच जास्त आवडायचं. 😀

निशिगंध_७

@पिंपळपान अरे देवा, हा माणूस मला भेटायला हवा.

जुनापुराणा

निशिगंध, तुम्ही म्हणताय त्यावर इंग्रजीत केव्हाच भांडून झालंय. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या लेखकाने गुप्तहेरकथेचे दहा नियम काढले. त्यात भूतखेत, दैवी शक्ती वगैरे थेट हद्दपार. भुयार किंवा गुप्त खोली मात्र एक चालेल, एकच! आणि हा गृहस्थ स्वतः कॅथलिक धर्मगुरू, म्हणजे पेशाने अदृश्य जगाचाच माणूस. पण कथेत खपवून घेणार नाही म्हणाला. पुढच्याच वर्षी लंडनला लेखकांचा डिटेक्शन क्लब निघाला, तिथे सभासदाला शपथ घ्यावी लागे की माझा गुप्तहेर दैवी साक्षात्काराने किंवा योगायोगाने गुन्हा उकलणार नाही.

आमची पिढी बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेली. हजारावर पुस्तकं लिहिली त्या माणसाने. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांची पुस्तकं भाड्याने आणायची, संध्याकाळपर्यंत परत करायची, तर दुसऱ्या दिवशी पुढचं मिळणार. त्यामुळे मी अजूनही भरभर वाचतो आणि बायको म्हणते तुम्ही पुस्तक वाचत नाही, उरकता.

काळाकोट

कोर्टातून लिहितोय, पुकारा झाला की पळणार. ही कादंबरी मी वाचली आहे (नाव घेत नाही, घाबरू नका). मला कडीचा त्रास झाला नाही, कबुलीजबाबाचा झाला. मांत्रिकासमोर ते 'काही' संशयिताच्या तोंडून कबुली देतं, तीही पोलीस ठाण्यात, आणि इन्स्पेक्टर खूश. अहो, पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३.

आणि आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यात दक्षता अधिकारी नेमतात, तो पोलीस निरीक्षकाच्या दर्जाच्या खालचा नसतो. म्हणजे या कादंबरीतल्या साहेबाने जे ठाण्यात घडवून आणलं ते थांबवण्याचं काम त्याच्याच हुद्द्याच्या माणसाचं! लेखकाने एवढा एक धागा पकडला असता तर काय उत्तरार्ध झाला असता. साहेबाला खुनी पकडायचाय आणि त्यासाठी स्वतःवरच गुन्हा ओढवून घ्यायचाय. जाऊ दे. पुकारा झाला.

निशिगंध_७

@काळाकोट हे पुस्तकातल्यापेक्षा भारी आहे! तुम्हीच लिहा.

रात्रपाळी_सिस्टर

आयसीयूचा भाग वाचून हसू आलं. त्यात म्हणे पेशंटचा 'आत्मा' बाहेर पडतो तेव्हा मॉनिटरवर सरळ रेघ येते आणि पहाटेपर्यंत कुणाला पत्ता नाही. अहो, बोटावरची क्लिप जरा सरकली तरी तो मॉनिटर बोंबलतो. सरळ रेघ आली तर आधी लीड (छातीवर चिकटवलेली वायर) निघालीय का ते बघायला कुणीतरी धावतंच. माझ्यासारखी असेल तर चप्पल तिथेच टाकून.

बाकी अनुभव म्हणाल तर, नवीन होते तेव्हा रात्रपाळीत असलं पुस्तक घेऊन बसले होते. तीनच्या सुमारास समोरची लिफ्ट आपोआप उघडली, आत कुणी नाही, बंद झाली, पुन्हा उघडली. मी पुस्तक ड्रॉवरमध्ये ठेवून वर फाइलींचा गठ्ठा ठेवला. जणू तेच बाहेर येणार होतं. सकाळी कळलं दाराच्या खाचेत बाटलीचं झाकण अडकलंय. तेव्हापासून ड्यूटीवर फक्त शब्दकोडी.

पिंपळपान

@सिस्टर "वर फाइलींचा गठ्ठा" 😂😂

प्रयोगवही

रसायनशास्त्र शिकवते. पेपर तपासायचे सोडून इथे बसलेय. भुताचा आव आणून शेवटी माणूस निघतो अशा गोष्टींचा बाप म्हणजे कॉनन डॉयलची ती शेरलॉक होम्सची कुत्र्याची कादंबरी ('द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'), १९०१-०२ साली मासिकातून क्रमशः आलेली. दलदलीतलं ते चमकणारं कुत्रं शेवटी फॉस्फरस चोपडलेलं निघतं. मी नववीत वाचली तेव्हा भारावले. पुढे कॉलेजात कळलं की पांढरा फॉस्फरस पाण्याखाली ठेवावा लागतो, कारण तीसेक अंशाला हवेत तो आपोआप पेट घेतो. शिवाय जहाल विष. म्हणजे कुत्र्याने एकदा तोंड चाटलं की खेळ खलास. मी आता दरवर्षी मुलांना हाच प्रश्न घालते, कुत्रं जगेल का ते कारणांसह लिहा.

कावळा_उडाला

स्पॉयलर!!!! मी ती वाचायला घेणार होतो.

प्रयोगवही

सव्वाशे वर्षं झाली की हो येऊन.

कावळा_उडाला

वेळ मिळाला नाही.

धुक्यातली_वाट

मला निशिगंध यांचं अजिबात पटलं नाही, म्हणून लिहिते. भुताचे नियम कळले की भीती संपली. मग ते भूत कसलं, तो पाळीव प्राणी झाला. मला नारायण धारपांचं ते आवडतं की गोष्ट सुरू होते तेव्हा घर नेहमीचं असतं आणि कुठेतरी एक वस्तू जागची हललेली असते, बस. समर्थ (धारपांचा भूतखेतं निस्तरणारा नायक) आले की मात्र माझी निम्मी भीती जाते. आता कुणीतरी जाणकार आलाय, आता हा निस्तरेल, असं वाटतं. मतकरींच्या गूढकथांत असा कुणी येत नाही, म्हणून त्या वाचून झाल्यावर मी जास्त वेळ जागी असते. तुमच्या कादंबरीत चूक कडीची नाही. लेखकाला शेवटी सगळं सांगून टाकायची घाई झाली, ती चूक.

निशिगंध_७

@धुक्यातली_वाट नुसती भयकथा असती तर मी निमूट ऐकलं असतं. पण इथे पहिल्या पानावर प्रेत आहे, ठसे आहेत, वेळापत्रक आहे. म्हणजे लेखकाने मला कामाला लावलंय. मी वहीत कोण कुठे होता ते लिहून काढलं हो! एवढं करून घेतल्यावर "ते भूत होतं, त्याला काहीही जमतं" म्हणणं म्हणजे तोंडाला पानं पुसणं.

धुक्यातली_वाट

वही?? मग बरोबर आहे तुमचा संताप. मी असली पुस्तकं झोपून वाचते.

आठवा_मजला

एक खरी केस टाकतो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात ग्रीनब्रायर म्हणून भाग आहे. १८९७ साली तिथे एक तरुण बाई लग्नानंतर थोड्याच महिन्यांत वारली. नैसर्गिक मृत्यू म्हणून पुरली. नवरा प्रेताच्या मानेजवळ कुणाला फिरकू देत नव्हता, उंच कॉलरचा पोशाखही त्यानेच चढवलेला. मग तिची आई म्हणाली, मुलगी रात्री येऊन सांगते की नवऱ्याने मान मोडली. सरकारी वकिलाने चौकशी करून प्रेत उकरायला लावलं, तर मान खरंच मोडलेली. आता गंमत बघा, खटल्यात सरकारी वकील भुताचं नाव काढत नव्हता. ते काढलं बचावाच्या वकिलाने, आई वेडी आहे हे दाखवायला. आई बधली नाही, उलट ज्युरीला तिचंच खरं वाटलं. नवऱ्याला जन्मठेप झाली. त्या रस्त्यावर आता या गोष्टीची सरकारी पाटी आहे.

मला वाटतं आईला संशय आधीपासून होता. पण "मला संशय आहे" म्हटलं असतं तर कोण उकरणार होतं?

काळाकोट

(जेवणाची सुट्टी) @आठवा_मजला बचावाच्या वकिलाने ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न उलटतपासणीत विचारला. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

धुक्यातली_वाट

शेवटची ओळ वाचून गलबलून आलं. आईने केलेलं असणार ते.

चाळिशीचा_चष्मा

विषयाला सोडून विचारतो, ही कादंबरी मोठ्या अक्षरात किंवा ऐकायला मिळते का? हल्ली छापील वाचवत नाही. मागे एक अशीच गुन्हेकथा बसमध्ये कानात लावून ऐकत होतो. खुनी दाराशी आला आणि नेमका कंडक्टरने खांद्यावर हात ठेवला. मी जो ओरडलो! अख्खी बस वळून बघायला लागली. थांबा गेला तो गेलाच, वर कंडक्टरने पाणी पाजलं.

पिंपळपान

@चष्मा काका, ऐकायला आहे. पण निवेदक मांत्रिकाचा आवाज फार मनावर घेऊन काढतो. बसमध्ये नको.

रात्रपाळी_सिस्टर

काका, डोळे तपासून घ्या आधी. चाळिशी म्हणून काहीजण अंगावर काढतात आणि मोतीबिंदू निघतो.

चाळिशीचा_चष्मा

तपासलेत सिस्टर, नंबरच वाढलाय. आभार.

साडेसातचा_गजर

मुलाला क्लासला सोडून बाहेर उभी आहे, पटकन लिहिते. तेरा वर्षांचा आहे, माझ्या कपाटातून असलंच एक पुस्तक पळवून वाचलं. घाबरलो नाही म्हणतो. पण आठवडाभर बाथरूमचा दिवा रात्रभर चालू, आणि पुस्तक गायब. शोधलं तर बाल्कनीत, कुंडीखाली! दादाने, म्हणजे माझ्या भावाने, लहानपणी असंच एक पुस्तक माळ्यावर टाकलं होतं. सिस्टरांचं ड्रॉवर वाचून बरं वाटलं, हे आमच्याच घराण्यात नाही.

जुनापुराणा

@प्रयोगवही, गंमत म्हणजे ज्या डॉयलने कुत्र्याचं भूत फॉस्फरसवर आणलं, तो स्वतः मृतात्म्यांशी बोलता येतं असं मानायचा. दोन मुलींनी काढलेले पऱ्यांचे फोटो त्याने खरे धरले, १९२२ साली त्यावर पुस्तक काढलं. त्या मुलींनी म्हातारपणी, १९८३ साली सांगितलं की पऱ्या कागदाच्या कापलेल्या होत्या. होम्सला मात्र त्याने असल्या कशावर कधी विश्वास ठेवू दिला नाही. लेखक म्हणून शिस्त होती माणसाला.

प्रयोगवही

हे मुलांना सांगणार उद्या! पेपर अजून तसेच आहेत.

लेट_लतीफ

मी आत्ता तीच कादंबरी वाचतोय बहुतेक. वाडा, पंचनामा, चालत नसलेलं पेन. धागा उघडून चूक केली का? दुसऱ्या खुनापर्यंत आलोय.

निशिगंध_७

@लेट_लतीफ वरचं काही वाचू नका! तसेच पुढे जा. मांत्रिक येईपर्यंत मस्त आहे, खरंच.

लेट_लतीफ

मांत्रिक येतो??

कावळा_उडाला

आला की मिटा.