मदत हवी आहे : हेलिओस ४४-२ आणि ओटस ५५ यांची तुलना न्याय्य कशी करावी?

नमस्कार. व्यक्तिचित्रांसाठी एखादी उत्कृष्ट महागडी लेन्स घ्यावी, की जवळ असलेली सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२ नीट करून तीच वापरत राहावी, या निर्णयापाशी मी अडलो आहे. एका स्नेह्यांनी त्यांची त्साइस ओटस ५५ मिमी, एफ १.४ (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे) ही लेन्स काही दिवसांसाठी विश्वासाने माझ्या हाती दिली आहे, आणि ती परत करण्यापूर्वी दोहोंची तुलना इतकी काटेकोर व्हावी, की पुढे निष्कर्षाबद्दल शंका उरू नये, अशी माझी इच्छा आहे.

दोन्हींचे मूळ तसे एकाच घराण्यातले आहे. हेलिओस ४४ ही त्साइसच्याच जुन्या बायोटार ५८ मिमी, एफ २ या रचनेवर बेतलेली असून तिच्यात ६ काचा ४ गटांत बसवलेल्या आहेत. २०१३ साली आलेल्या ओटसमध्ये १२ काचा १० गटांत आहेत आणि तिचे वजन किलोच्या आसपास भरते. दोन्हींवर फोकस हातानेच करावा लागतो आणि माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर दोन्ही आपापल्या अ‍ॅडाप्टरने बसतात, त्यामुळे जोडी तुलनेला योग्य वाटली.

आतापर्यंतची निरीक्षणे मांडतो. एफ ८ वर चित्राच्या मध्यभागी फरक अक्षरशः शोधावा लागतो. एफ २ वर मात्र चष्मा लावलेल्या चेहऱ्याचे चित्र पूर्ण मोठे करून पाहिले, तर हेलिओसमध्ये चष्म्याच्या धातूच्या काडीवर फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी कडा स्पष्ट दिसते, ओटसमध्ये तिचा मागमूस नाही. खिडकीकडे तोंड करून घेतलेल्या चित्रात हेलिओसचा कॉन्ट्रास्ट पार ढासळतो. उलट, झाडीच्या पार्श्वभूमीवर तिचे ते गोल फिरणारे बोके (फोकसबाहेरच्या भागाचा धूसरपणा), ज्यात कडेचे उजेडाचे ठिपके बदामासारखे होतात, मला मनापासून आवडते आणि ओटसकडून ते मिळत नाही.

खरी अडचण पुढे आहे. विटांच्या भिंतीचे चित्र घेतले असता हेलिओसमध्ये डावी कड उजव्या कडेपेक्षा बरीच मऊ येते आणि एफ ८ वरही हा फरक पूर्ण जात नाही. त्याच जागेवरून ओटसच्या दोन्ही कडा सारख्या आहेत. हा स्वस्त लेन्सच्या रचनेचाच स्वभाव मानावा, की माझ्याकडच्या प्रतीतला दोष? प्रयोगशाळेतली साधने नसताना याचा निवाडा कसा करावा? शिवाय फोकसची रिंग फार जड फिरते. ग्रीस बदलून घेणे हिताचे ठरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपला प्रश्न फार नेमका आहे. रचनेचा दोष असतो तो मध्याभोवती सर्व बाजूंना सारखा असतो; प्रतलवक्रतेमुळे (फोकसचे प्रतल सपाट न राहता वाकल्यामुळे) चारही कोपरे मऊ होतील, एकटी डावी कड होणार नाही. म्हणून एकतर्फी मऊपणाला स्वस्त-महाग हा निकष लावू नये. संशय दोघांवर राहतो : लेन्समधली एखादी कललेली काच, किंवा पृष्ठभाग समांतर नसलेला अ‍ॅडाप्टर. ओटसच्या कडा सारख्या आल्या, त्यामुळे भिंत आणि कॅमेऱ्याचा माउंट (लेन्स बसवायची जागा) दोन्ही संशयातून सुटले.

निवाडा घरीच होतो. हेलिओस ज्या एम४२ या आट्यांच्या जोडणीने बसते तिचे आटे १ मिमी अंतराचे असतात, त्यामुळे लेन्स अर्धा फेरा उलटी फिरवली की ती केवळ अर्धा मिमी पुढे सरकते. अनंतावर (फार दूरच्या वस्तूवर) फोकस होणार नाही, पण दोन-तीन मीटरवरच्या भिंतीसाठी रिंग फिरवून ते भरून निघते. लेन्स आट्यात हलत नाही एवढे मात्र पाहावे, नाहीतर तीच कलेल आणि सगळी परीक्षा फुकट जाईल. मऊपणा डावीकडून उजवीकडे गेला तर दोष लेन्समध्ये. डावीकडेच राहिला तर अ‍ॅडाप्टरमध्ये.

तुलना करताना दोन्हींवर फोकस प्रत्यक्ष वापरायच्या छिद्रावरच करावा, ट्रायपॉड हलवू नये आणि एक्सपोजर रिंगवरच्या आकड्याऐवजी हिस्टोग्रामवरून (चित्रातल्या उजेडाच्या आलेखावरून) जुळवावे, कारण समान एफ-आकड्यावरही दोन लेन्समधून येणारा उजेड सारखा नसतो. खिडकीसमोरची चाचणी ४९ मिमीचे हूड (बाजूचा उजेड अडवणारे लेन्सपुढचे कडे) लावून पुन्हा घ्यावी. हेलिओससारख्या एकपदरी कोटिंगच्या (काचेवर चकाकी कमी करणारा एकच थर असलेल्या) लेन्सवर बाजूने पडणारा उजेड अडवला की बराच कॉन्ट्रास्ट परत येतो. हूडशिवाय तिला नापास करणे मला अन्यायाचे वाटते. रंगीत कडांवर मात्र असा उपाय नाही, आणि तिथेच ओटसची किंमत खरोखर वसूल होते.

ग्रीस अवश्य बदलावे. हेलिकॉइडचे (फोकससाठी लेन्स पुढे-मागे सरकवणाऱ्या आट्यांच्या जोडणीचे) दोन भाग ज्या बिंदूवर सुटे होतात तिथे आधी खूण करून ठेवावी, कारण तिथे अनेक आटे सुरू होतात आणि चुकीच्या आट्यावर जोडल्यास अनंताचा फोकस हरवतो. काच कललेली निघाली तर मात्र दुरुस्तीवर खर्च करू नये. हेलिओस ४४ लाखोंच्या संख्येने बनल्या आहेत, दुसरी प्रत घेणेच बरे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. लेन्स अर्धा फेरा फिरवून पाहिली. मऊपणा डावीकडेच राहिला, म्हणजे दोष अ‍ॅडाप्टरचा ठरतो. दुसरा अ‍ॅडाप्टर मागवला आहे. तो येईपर्यंत ओटस माझ्याकडे राहू देण्यास स्नेही तयार आहेत, त्यामुळे खिडकीसमोरची चित्रे हूड लावून दोन्हींवर एकाच दिवशी घेईन आणि इथेच देईन.