मदत हवी आहे : ‘इब्लीस’ हा शब्द लहान मुलाबद्दल लिहावा का?

नमस्कार. मी सोलापूरला राहतो. नातवंडांसाठी लहानपणीच्या आठवणी लिहून काढताना ‘इब्लीस’ या शब्दापाशी अडलो आहे.

माझ्या धाकट्या भावाने एकदा शेंगाचटणीची निम्मी बरणी फस्त केली, तळाशी वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि उरलेली चटणी वर नीट थापून बरणी होती तशी फळीवर ठेवून दिली. चार दिवसांनी आजीचा चमचा कागदाला लागला, तेव्हा ती आधी तापली आणि मग तोंडाला पदर लावून आईला म्हणाली, “लई इब्लीस हाय गं हे पोरगं!”

या प्रसंगाला दुसरा शब्द मला सापडत नाही. ‘खोडकर’ आणि ‘द्वाड’ यांत बेत आखून केलेली फसवणूक येत नाही. ‘लबाड’ लाडानेही म्हणतात, पण त्यात उपद्व्याप कमी पडतो. ‘बेरकी’ व्हायला तर वय लागते. उपद्व्याप, डोके आणि ऐकणाऱ्याला आवरत नाही असे हसू, हे सारे ‘इब्लीस’मध्येच एकत्र येते, असे माझे मत आहे.

हे पान मी विजापूर वेशीतल्या माझ्या शाळूसोबत्याला वाचून दाखवले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “अरे, लेकराला हे नाव कशाला?” आदमपुढे झुकायला नकार देणारा, ‘मी आगीचा आणि हा मातीचा’ असा गर्व करणारा तो इब्लीस, हे कुराणातले वर्णन त्याच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. शब्द अरबीतून आला हे मला माहीत होते. त्याचा हा भार मात्र माझ्या ध्यानात आला नव्हता. आपण पोराला ‘राक्षसा’ म्हणतो तसाच हाही शब्द मराठीत मवाळ झाला आहे, असे मी त्याला सांगितले आणि ते त्याला पटलेही, तरी माझे मन निवांत झालेले नाही.

आपल्या भागात हा शब्द मोठ्या माणसालाही लावतात का, आणि तेव्हा त्यातले हसू जाऊन निव्वळ कपट उरते का, हे कृपया कळवावे. ‘गरीब–गरिबाने’प्रमाणे मी ‘इब्लीस–इब्लिसाने’ असे लिहिले आहे. छापील मजकुरात ‘इब्लिस’ही दिसते, म्हणून त्याबद्दलही सांगावे. आजीचे वाक्य मी बदलणार नाही. पण पुढे माझ्या स्वतःच्या निवेदनात भावाबद्दल लिहिताना, मित्राला खुपणार नाही आणि चटणीची बरणीही फिकी पडणार नाही, असा कोणता शब्द वापरावा?