अनुभव धागा : परदेशी मिशनसेवेचे पाचारण झाले, तेव्हा नेमके काय झाले?

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) मिशन समितीकडे परदेशी सेवेसाठी येणारे अर्ज वाचण्याचे काम माझ्याकडे आहे. अर्जातला पहिलाच प्रश्न असतो, ‘आपल्याला पाचारण (देवाचे बोलावणे) झाले आहे असे आपणांस कशावरून वाटते?’ आणि बहुतेकांची उत्तरे एकाच वळणाची असतात : उपासनेत वचन ऐकले, डोळे भरून आले आणि बायबलमधील यशया संदेष्ट्यासारखे ‘मला पाठव’ असे म्हणावेसे वाटले. ही उत्तरे प्रामाणिक असतात याबद्दल मला शंका नाही. परंतु यशयाच्या सहाव्या अध्यायातील आठव्या वचनापाशी थांबलेल्या उमेदवाराला मी पुढची दोन वचने वाचायला सांगते, कारण लोक ऐकतील पण समजणार नाहीत, हे त्या संदेष्ट्याला निघण्यापूर्वीच सांगण्यात आले होते.

नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीतील पाच जणांची नावे दिली आहेत. त्यांपैकी बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) या दोघांनाच सेवेसाठी वेगळे करण्यास पवित्र आत्म्याने सांगितले, आणि तेही मंडळी उपासना व उपास करीत असताना. पुढे ते दोघे त्याच मंडळीकडे परत आले आणि झालेले सारे त्यांनी तिला सांगितले. पाचारण एकट्याच्या मनात सुरू होत असले, तरी ते पक्के होते ते पाठवणाऱ्यांच्या आणि स्वीकारणाऱ्यांच्या साक्षीने, असे माझे मत अर्ज वाचता वाचता बनले आहे. ते तपासून पाहावे म्हणून हा धागा.

जे गेले त्यांनी लिहावेच; पण ज्यांना नकार मिळाला, ज्यांच्या घरातून कोणी गेले आणि ज्यांच्याकडे बाहेरून मिशनरी आले, त्यांनीही लिहावे. सेवकांच्या सुरक्षिततेसाठी देशांची आणि व्यक्तींची नावे टाळावीत, एवढीच विनंती.

मिशन रुग्णालयात काम केलेली परिचारिका

मला कोणताही दृष्टांत झाला नाही. आमच्या मंडळीत एका रुग्णालयाचे पत्र वाचून दाखवले गेले; त्यात प्रसूतिकक्षासाठी प्रशिक्षित परिचारिका हवी आहे, एवढीच मागणी होती. मी ते काम करीतच होते. पत्र ऐकल्यावर मन भरून वगैरे आले नाही, उलट ‘आता सबब उरली नाही’ अशी काहीशी अडचणीची भावना झाली. पाळकसाहेबांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) सांगितले तेव्हा त्यांनी आनंद व्यक्त करण्याऐवजी विचारले, “इथल्या रात्रपाळीचा कंटाळा आला म्हणून तर जात नाहीस ना?” प्रश्न बोचला. त्याचे उत्तर देण्यासाठी मला बराच काळ लागला, आणि तो काळ जाऊ दिल्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

नंतर वैद्यकीय तपासणी, मानसशास्त्रीय मुलाखत, मुलांच्या सुरक्षिततेविषयीची चौकशी आणि पाळकांची शिफारस असे सगळे सोपस्कार झाले. मानसशास्त्रीय मुलाखतीत घरातील जुनी भांडणे विचारतात, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. पण परक्या देशात सहकाऱ्यांशी होणाऱ्या भांडणांचे मूळ पुष्कळदा तिथेच असते, हे मी पुढे पाहिले.

रुग्णालयात पोहोचल्यावर तिथल्या मुख्य परिचारिकेने, म्हणजे त्याच देशाच्या एका ज्येष्ठ बाईंनी, मला प्रसूतिकक्षात पाऊलही ठेवू दिले नाही. भाषा येईपर्यंत मी सामानाच्या खोलीत होते : बँडेजच्या गुंडाळ्या मोजायच्या, हातमोज्यांच्या खोक्यांवर तारखा घालायच्या, आणि दुपारी त्यांच्यासमोर बसून ‘कळ कधीपासून येते?’, ‘पाणी गेले का?’ ही वाक्ये म्हणून दाखवायची. उच्चार चुकला की त्या काहीही न बोलता पेन्सिलीने टेबलावर टकटक करीत आणि मी ते वाक्य पुन्हा म्हणत असे. ज्या कामासाठी देवाने बोलावले असे मी चारचौघांत सांगून आले होते, ते काम मला द्यायचे की नाही हे त्या ठरवणार होत्या. माझ्या मते पाचारणाची खरी मुलाखत त्या टेबलापाशी झाली.

पाण्याच्या योजनांवर काम करणारा अभियंता

मी ज्या देशात होतो तिथे मिशनरी म्हणून प्रवेश मिळत नाही. त्यामुळे व्हिसाच्या अर्जातील ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी माझ्यासारख्यांची पहिली कसोटी लागते. मी तिथे ‘अभियंता’ असे लिहिले आणि ते खरे होते, कारण मी आठवडाभर विहिरींच्या खोदाईवर उभा असे आणि माझा पगारही त्याच कामाचा होता. नाममात्र कंपनी काढून, दारावर पाटी लावून आत दुसरेच काही करणाऱ्यांनाही मी पाहिले आहे. शेजाऱ्यांना ते लवकर कळते, आणि जो माणूस पोटापाण्याच्या उद्योगाविषयी खोटे बोलतो त्याच्या श्रद्धेवर त्यांनी का विश्वास ठेवावा, याला माझ्याकडे उत्तर नाही.

करिंथमध्ये पौलाने अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू बनवण्याचे काम केले, ते लोकांना दाखवण्यापुरते केले नाही. मोरावियन या प्रोटेस्टंट मंडळीने 1732 साली जर्मनीतील हर्नहूटहून कॅरिबियनमधील सेंट थॉमस बेटाकडे पाठवलेल्या पहिल्या दोघांपैकी एक कुंभार होता आणि दुसरा सुतार. (तिथल्या गुलामांपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांनी स्वतःलाच गुलाम म्हणून विकले, ही प्रवचनांतून ऐकू येणारी गोष्ट मात्र खरी नाही, तशी तयारी त्यांनी बोलून दाखवली होती, एवढेच.) कोणी माझ्या श्रद्धेविषयी विचारले तर मी मोकळेपणाने सांगत असे, आणि न विचारणाऱ्यालाही पाणी तितकेच मिळत असे. मदत आणि धर्मांतर यांची सांगड घालणे मला सुवार्तेच्याच विरुद्ध वाटते.

मिशनरीची पत्नी

पाचारण माझ्या नवऱ्याला झाले होते, मला नव्हे. हे वाक्य मंडळीत उच्चारल्यावर जी शांतता पसरते ती मी अनुभवली आहे. एका ज्येष्ठ भगिनींनी मला समजावले की पतीचे पाचारण तेच पत्नीचे पाचारण असते. त्यांचा हेतू चांगला होता, तरी मला ते पटले नाही आणि आजही पटत नाही.

त्या दिवसांत मी डोरोथी केरीविषयी मिळेल ते वाचून काढले. बाप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी 1793 साली भारताकडे निघाले तेव्हा त्यांच्या पत्नीने आधी येण्यास नकार दिला होता. नंतर बहीण सोबत येणार म्हटल्यावर त्या तान्ह्या बाळासह निघाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजारात दगावला, डोरोथींचे मानसिक संतुलन ढळले, ते पुन्हा सावरले नाही, आणि 1807 मध्ये त्या वारल्या. बंगालमधील श्रीरामपूर येथे केरींच्या छापखान्यातून बाहेर पडलेल्या बायबलच्या भाषांतरांचा गौरव आपण करतो आणि तो रास्तच आहे; पण शेजारच्या खोलीत काय चालले होते, याचा उल्लेख त्या गौरवात क्वचित येतो.

आमच्या समितीने एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी आम्हा दोघांच्या मुलाखती वेगवेगळ्या घेतल्या आणि माझा होकार मिळेपर्यंत प्रकरण पुढे नेणार नाही असे नवऱ्याला स्पष्ट सांगितले. तो माझ्यावर रागावला, देवावरही रागावला असावा. मी प्रार्थना करीत होते, पण ‘माझे मन बदल’ अशी नव्हे. ‘मला खरे काय ते कळू दे’ अशी. होकार दिला तो तीन अटींवर : माझ्यासाठी तिथे स्वतंत्र काम असावे, मुलांच्या शिक्षणाचा निर्णय जाण्यापूर्वी व्हावा, आणि पहिली मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा प्रश्न मला पुन्हा नव्याने विचारला जावा. अटी घालून होकार देणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे काहींनी सुचवले. बायबलमधील गिदोनाने लोकर अंथरून देवाकडे दोनदा खूण मागितली होती, याची मी त्यांना आठवण करून दिली.

आम्ही गेलो आणि पुष्कळ वर्षे राहिलो. मी अक्षरओळखीचे वर्ग चालवले आणि त्या कामात मला जो आनंद मिळाला तो नवऱ्याच्या वाट्याला त्याच्या कामात आला की नाही, हे मी खात्रीने सांगू शकणार नाही. मुलांची गोष्ट वेगळी आहे. ‘तुम्ही कुठले?’ या साध्या प्रश्नाला माझी मुलगी आजही आधी समोरच्याचा चेहरा पाहते आणि मग त्याला सोयीचे पडेल ते उत्तर देते.

एक धर्मभगिनी

आमच्याकडे चित्र थोडे वेगळे असते. व्रत घेताना आज्ञापालनाचे वचन दिलेले असते, त्यामुळे माझे परदेशी पाचारण संस्थाप्रमुख मदर सुपीरियर यांच्या पत्रातून आले. पत्रातील देशाविषयी मला ओढ नव्हती, उलट धास्तीच होती. आज्ञा देण्यापूर्वी त्यांनी माझ्याशी चर्चा केली होती आणि मी नकाराची कारणे मांडू शकले असते. पण मांडण्याजोगे कारण माझ्याजवळ नव्हते, फक्त नावड होती. ती ओढ पुढे तिथे राहून निर्माण झाली.

फ्रान्समधील लिस्यूच्या मठातील संत तेरेसा यांना व्हिएतनाममधील कार्मेल मठात जायची इच्छा होती, परंतु क्षयाने 1897 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मठाबाहेर न पडता त्या दोन मिशनरी धर्मगुरूंना पत्रे लिहीत आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करीत राहिल्या. अशा व्यक्तीला पोप पायस अकरावे यांनी 1927 साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने मिशनकार्याची आश्रयदाती ठरवले. नकार मिळालेले कोणी हा धागा वाचत असतील, तर त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिले.

जिथे मिशनरी येतात तिथला एक पाळक

मला पलीकडची बाजू मांडायची आहे. आमच्या मंडळीत बाहेरून येणारे बहुतेक जण मनाने चांगले असतात. तरीही अल्पमुदतीचा गट येतो तेव्हा आम्ही आमची कामे थांबवून त्यांची व्यवस्था पाहतो, त्यांच्यासाठी कार्यक्रम आखतो, आणि ज्या भिंतीला रंगाची गरज नाही ती त्यांच्याकडून रंगवून घेतो. मुलांना मांडीवर घेऊन छायाचित्रे काढली जातात. त्यांच्या पालकांना विचारण्याचे भान फार थोड्यांना असते. प्रत्येक पाहुणा सांगतो की देवाने त्याला आमच्याकडे पाठवले आहे. असे सांगितल्यावर आम्ही ‘नको’ कसे म्हणणार?

व्ही. एस. अझरिया यांनी 1910 साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत हेच दुखणे मांडले होते. मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल कृतज्ञता व्यक्त करून त्यांनी पुढे मागितले ते मित्र. हे बोलणारे गृहस्थ नुसते तक्रारखोर नव्हते. 1903 मध्ये तिरुनेलवेलीत भारतीय मिशनरी संस्था उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता आणि 1912 मध्ये ते अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले.

आमच्याकडे एक जोडपे आले आणि पहिल्याच बैठकीत वही काढून त्यांनी विचारले, “आम्ही कोणाच्या हाताखाली काम करायचे?” आजवर हा प्रश्न मला आणखी कोणी विचारलेला नाही. त्यांना आम्ही हिशेबाचे काम दिले, कारण आमच्या खजिनदारांची दृष्टी अधू झाली होती. त्यांच्या मायदेशी पाठवण्याच्या वार्तापत्रात हिशेबाच्या वह्यांविषयी काय लिहिणार, अशी मला चिंता वाटे. पण त्यांनी तेच लिहिले.

एका मिशनरी मुलीचे वडील

पाठवणी करताना मंडळीने तिच्या डोक्यावर हात ठेवले, तेव्हा मलाही पुढे बोलावले होते. मी गेलो, कारण न जाणे शोभले नसते. तिची आजी गेली तेव्हा तिला वेळेत पोहोचता आले नाही; फोन कानाला लावून तिने सगळी प्रार्थना ऐकली. मंडळी मिशनरींसाठी दर रविवारी प्रार्थना करते. त्यात आई-वडिलांचाही उल्लेख व्हावा, असे मी सुचवले आणि आता तो होतो.

अजून निर्णय न झालेला एक तरुण

अर्ज माझ्यासमोर आहे आणि वरचे सगळे वाचून तो भरणे अधिक कठीण झाले आहे. माझ्यावर शिक्षणाचे कर्ज आहे. देवाने बोलावले असेल तर तो कर्जाचीही सोय करील, असे माझे मित्र म्हणतात. कर्ज फिटेपर्यंत थांबावे, असे घरचे म्हणतात. पौलाला आशियात (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील त्या नावाच्या रोमन प्रांतात) वचन सांगण्यास मना झाली, बिथुनियातही जाऊ दिले गेले नाही, आणि मग मासेदोनियाला बोलावणारा दृष्टांत झाला, हे मी वाचले आहे. माझे थांबणे त्या मनाईसारखे आहे की नुसती भीती आहे, हे कसे ओळखावे?

धागा सुरू करणारीचे उत्तर

भाऊ, कर्ज असलेल्या उमेदवाराला आमची समिती परत पाठवत नाही, पण ते फेडण्याची लेखी योजना मागते, कारण देणगीदारांनी सेवेसाठी दिलेला पैसा हप्त्यांत जाऊ नये. आपण अर्जाचा तेवढा भाग सोडून बाकीचा भरा आणि तो घेऊन आधी आपल्या पाळकांना भेटा. भीती की मनाई, हे पत्रातून मला ठरवता येणार नाही. आपल्याला रोज पाहणारी माणसे ते अधिक चांगले सांगतील. परिचारिका ताईंना त्यांच्या पाळकांनी विचारलेला प्रश्न आपणही स्वतःला विचारून पाहा, आणि उत्तर होकारार्थी आले तरी ते समितीपासून लपवू नका. ज्यांनी कर्ज फेडून मग सेवा पत्करली, त्यांनी ती मधली वर्षे कशी घालवली हे येथे लिहिल्यास या तरुणाला उपयोग होईल.