मदत हवी आहे: मामा तलावातली बेशरम कापली तर दुप्पट झाली, आता काय करू?

नमस्कार मंडळी. गाव साकोली तालुक्यातलं, जिल्हा भंडारा, नाव मुद्दाम टाकत नाही कारण गावातले पण इथं वाचतात. आम्ही १४ जण आहोत, पाच-सहा कॉलेजवाले, बाकी नववी-दहावीचे पोट्टे-पोट्ट्या. मागच्या फेब्रुवारीत ठरवलं की दर रविवारी सकाळी गावच्या मामा तलावातली बेशरम (ते जांभळ्या फुलांचं झुडूप) काढायची. (बाहेरच्यांसाठी, मामा म्हणजे माजी मालगुजारी, आईचा भाऊ नाही. कोहळी लोकांनी बांधलेले असे हजारो तलाव आहेत इकडे, १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले अन मंग पाळ (तलावाचा मातीचा बांध) कोणी दुरुस्त करायची याला वाली उरला नाही.)

तर चार रविवार गुडघाभर पाण्यात उतरून विळ्यानं सपासप कापली, हाताला तो पांढरा चीक लागून खाज सुटली ते वेगळंच, अन सगळा माल ओढून पाळीवर ढीग मारला. स्टेटसला फोटो टाकले, एका कार्यक्रमात शाल-नारळ पण भेटलं. जुलैत पाणी पडलं अन आठ-दहा दिवसांनी आमच्यातल्या एका नववीच्या पोरीनं ढिगातली काडी ओढून पाहिली तर गाठी-गाठीतून बोटभर पांढरी मुळं. म्हणे, दादा, हिला तर पाय फुटले. दिवाळीपर्यंत तलावातली बेशरम होती तिथं परत उभी, वरून पाळीचा अख्खा उतार जांभळ्या फुलांचा झाला. म्हणजे शाल घेऊन आम्ही बेशरमच लावली राजेहो.

आता पोरं येत नाहीत. मी बोलावलं की म्हणतात काहून, अजून लावायची का. अन ढीवर समाजाच्या मासेमारी संस्थेचे काका पण नाराज आहेत, आम्ही त्यांना न विचारता तुडूमाजवळ (तलावातून शेताला पाणी सोडायची जागा) उतरलो होतो अन त्यांचं एक जाळं फाटलं, ती चूक आमचीच. येत्या उन्हाळ्यात परत करायचं म्हणतो पण नीट. कधी काढावी, मुळासकट निघते का, काढलेली कुठं टाकावी, अन तिच्या जागी काय लावावं? एक जण तणनाशक मारा म्हणतो, एक जण वर्गणी करून जेसीबी लावा म्हणतो. कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा, गूगलवरचं वाचून झालं.

काठावरचा: तणनाशक अजिबात नको भाऊ. त्याच पाण्यात मासे, त्याच पाण्यात म्हशी, अन धानाला पण तेच पाणी तुडूमातून जाते.

नवेगावकर: मी अर्जुनी मोरगावकडचा, ढीवरच आहे. आमच्या भागात बायांनी पुढे होऊन तलावातली बेशरम काढली, त्यात मी पण राबलो म्हणून सांगतो. पाण्यात असताना कापू नका, ती त्यावर हसते. एप्रिल-मेमध्ये पाणी मागं सरते, बूड कोरडं होते, तेव्हा सब्बल अन कुदळीनं गड्डा खणून काढा. बूड राहिलं की परत आली समजा. जेसीबीनं तुकडे होतात अन प्रत्येक तुकडा नवीन झाड, वरून पाळीला धक्का लागते तो वेगळा. काढलेली पाळीवर नाही, दूर कडक जमिनीवर पातळ पसरा, काडी मोडली की कटकन वाजली पाहिजे, मंगच वाळली. मंग जाळा नाहीतर चुलीत घाला. बकऱ्यांच्या वाटेत ठेवू नका, सहसा तोंड लावत नाहीत पण उपाशी बकरीनं खाल्ली तर आजारी पडते. अन जागा रिकामी सोडू नका. तलावाचं बूड नांगरून ठेवा, पाणी भरायला लागलं की दुसऱ्या चांगल्या तलावातून पाणवनस्पती आणून लावा, पाण्याखाली वाढणाऱ्या पण अन पान वर तरंगणाऱ्या पण. मासोळी त्यातच अंडी घालते. कोणती वनस्पती कोणत्या मासोळीची हे तुमच्या त्या नाराज काकांनाच विचारा, आमच्या म्हाताऱ्यांना ते तोंडपाठ असते. आधी जाळ्याचे पैसे देऊन या मात्र.

गुरुजी_झाडीपट्टी: पोरांचं सांगतो, शाळेत आहे म्हणून. मे महिन्यात आपल्याकडे ऊन ४५ च्या वर जाते, सकाळी ६ ते ८:३०, त्यानंतर एक मिनिट नाही. आईबापांचं लेखी घ्या, गमबूट अन हातमोजे असल्याशिवाय गवतात हात घालू देऊ नका, साप असतेच. अन नुसतं मजूर बनवू नका त्यांना. त्या पोरीनं मुळं ओढून दाखवली ना, तिला वही द्या. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्यात ग्रामपंचायतीची समिती अन लोकांची नोंदवही असते, बऱ्याच गावात ती बाहेरच्यानं टेबलावर बसून भरलेली आहे. तुमची पोरं तलावातले मासे, पाखरं, वनस्पती काकांकडून ऐकून लिहितील तर ती नोंदवही खरी होईल. पाण्याच्या कामाला ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, तलाव जिल्हा परिषदेचा असेल तर लघु पाटबंधारेला पण पत्र द्या.

मूळ धागाकर्ता: लय आभार. काल संध्याकाळी काकांकडे जाऊन आलो, जाळ्याचे पैसे घेतले नाहीत, उलट चहा पाजला अन पाऊण तास बोटरी अन मरळ या मासोळ्यांबद्दल ऐकवलं, मी तर अर्धं विसरलो, ती पोरगी सोबत होती तिनं लिहून घेतलं. काका म्हणतात अख्ख्या तलावाला हात घालू नका, पहिल्या वर्षी तुडूमाच्या बाजूचा एक कोपराच करा. पाळीवरची आता कोरडीच आहे तर ती या रविवारपासून खणायला घेतो, सहा जण हो म्हणाले. नवेगावकर भाऊ, पाळीच्या उतारावर खोल खणलं तर माती सुटणार नाही ना? अन गमबूट साकोलीत स्वस्त भेटतील की भंडाऱ्याला जावं लागेल?