स्प्रिंट कारवरचा पंख: कसब चालकाचे की यंत्राचे?

आयोवाकर (धाग्याची सुरुवात)

गेली चार वर्षे मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डी मॉइनला राहतो आणि उन्हाळ्यातल्या बहुतेक शनिवारच्या संध्याकाळी नॉक्सविलच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या धावपट्टीवर काढतो. मागे एका चर्चेत 'इंडियानाकर' यांनी लिहिले होते की, डोक्यावर पंख (हवेच्या दाबाने गाडी खाली दाबणारी रुंद फळी) असलेली स्प्रिंट कार, म्हणजे मातीच्या धावपट्टीवरची छोटी पण ताकदवान शर्यतीची गाडी, रुळावरून गेल्यासारखी धावते आणि चालकाने फक्त पाय दाबून ठेवायचा असतो. हे मत मला मुळीच पटत नाही.

या गाडीला क्लच नाही, गिअरबॉक्स नाही, स्टार्टरही नाही. मागून ट्रक ढकलतो आणि तेलाचा दाब चढला की चालक इंजिन पेटवतो. मिथेनॉलवर चालणारे 410 घनइंचांचे हे इंजिन सुमारे 900 अश्वशक्ती देते, आणि चालकासह गाडीचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास असते. एवढी ताकद ज्या जमिनीवर उतरवायची, ती जमीन मात्र तासागणिक बदलत जाते. आपले शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तशी संध्याकाळी ओलसर आणि चाकाला धरणारी असलेली काळी माती रात्री दहापर्यंत झिजून गुळगुळीत होते, आणि उडालेली माती बाहेरच्या भिंतीलगत बांधासारखी साचते.

गेल्या महिन्यात मी एका स्थानिक चालकाच्या पिटजवळ (गाडी तयार करण्याच्या जागेजवळ) उभा होतो. हीट, म्हणजे प्राथमिक शर्यत, संपल्यावर त्याचा एक साथीदार उजव्या मागच्या टायरवर तापलेल्या पात्याने खाचा पाडत होता, दुसरा पंखाखालचा चिखल खरवडत होता. चालक स्वतः मात्र गाडीकडे पाहतसुद्धा नव्हता. तो कुंपणाला टेकून पुढच्या गटाची शर्यत पाहत होता आणि कोणाची गाडी कोणत्या रेषेवर घसरते, एवढेच टिपत होता. मुख्य शर्यतीत सगळे आतल्या कडेला गर्दी करत असताना त्याने भिंतीलगतचा तो बांध धरला आणि सहा गाड्या मागे टाकल्या. पंख सर्वांच्याच डोक्यावर होता, बांध मात्र त्यालाच दिसला होता.

इंडियानाकर

ते वाक्य माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. वरचा पंख 25 चौरस फुटांचा असतो. वेग वाढला की हवा त्याला खाली दाबते आणि टायर जमिनीला चिकटतात, त्यामुळे ओल्या धावपट्टीवर वळणातही पाय फारसा उचलावा लागत नाही. शिवाय पुढच्या गाडीने ढवळलेली हवा मागच्या गाडीच्या पंखाला मिळते, तिची पकड सुटते आणि ओलांडणे अवघड होऊन बसते. इंडियानातल्या कोकोमोला बिनपंखी गाड्या पाहा. तिथे गाडी जवळजवळ आडवी होऊन वळते, डाव्या वळणात पुढची चाके उजवीकडे रोखलेली असतात आणि अख्खा तोल पायाच्या अंगठ्यावर असतो. चूक झाली तर सावरून घेणारे वर काहीही नसते. चालकाचे कसब मोजायचे असेल तर ते तिथे मोजावे, असे माझे म्हणणे आहे.

पिंपरीचा गॅरेजवाला

आपण दोघेही पैशाचा मुद्दा सोडून देत आहात. स्टीव्ह किन्सर यांनी नॉक्सविल नॅशनल्स ही मोठी वार्षिक शर्यत 12 वेळा आणि वर्ल्ड ऑफ आउटलॉज या पंखाच्या गाड्यांच्या शर्यतमालिकेचे विजेतेपद 20 वेळा जिंकले, हे खरेच आहे. परंतु त्यातील मोठा काळ कार्ल किन्सर यांच्यासारखा इंजिनाचा जाणकार त्यांच्या पाठीशी होता. तो हात मागे नसता तर त्याच चालकाच्या खात्यावर किती विजय जमा झाले असते? उत्तम इंजिन आणि रात्रभर जागून ते सांभाळणारी माणसे ज्याला परवडतात, त्याचे कसब लोकांना दिसते. ज्याला परवडत नाहीत, तो बी मेनमध्येच, म्हणजे मुख्य शर्यतीच्या आधीच्या दुय्यम शर्यतीतच, राहून जातो आणि त्याचे नावही कोणी घेत नाही.

नागपूरची वाचक

कसबाची ही तुलना करताना चालकाच्या जिवाचा विचार आधी व्हावा, असे मला मनापासून वाटते. गाडी उलटली की पंख चेपतो आणि आघाताचा काही भाग स्वतःवर घेतो. बिनपंखी गाडीत तो भार थेट चालकाभोवतीच्या पोलादी पिंजऱ्यावर येतो. पण पंखामुळे वेगही वाढतो, हे विसरून चालणार नाही. 2016 साली नॅशनल्स जिंकणारे जेसन जॉन्सन 2018 मध्ये बीव्हर डॅमच्या शर्यतीत पंखाच्याच गाडीत जबर जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी गेले. ब्रायन क्लॉसन 2016 मध्ये बेलव्हिलला बिनपंखी मिजेट (स्प्रिंट कारहून लहान) गाडीच्या अपघातानंतर गेले. म्हणून 'खरे कसब बिनपंखीच' असे ठणकावून सांगताना, आपण कोणाला अधिक धोका पत्करायला सांगत आहोत याचे भान असावे.

इंडियानाकर

ताईंचा मुद्दा मला मान्य आहे. मी कोणाला पंख काढायला सांगत नाही. कसबाची परीक्षा कुठे अधिक कडक होते, एवढेच सांगतो आहे.

आयोवाकर

ती परीक्षा दोन्हीकडे देणारी माणसे आहेत. काइल लार्सन यांनी टल्साची चिली बोल ही बिनपंखी मिजेट गाड्यांची शर्यत 2020 आणि 2021 मध्ये जिंकली, आणि पंखाच्या गाडीत नॅशनल्स 2021, 2023 व 2024 मध्ये. पंखच गाडी चालवत असता, तर बिनपंखी गाड्यांतले हे कसब नॉक्सविलला त्यांच्या काय कामाचे होते?

गॅरेजवाल्यांचे म्हणणे मात्र मी खोडू शकत नाही. इंजिन दमले तर कितीही अचूक रेषा धरली तरी सरळ पट्ट्यावर गाडी मागेच पडते. हे मी त्या स्थानिक चालकाच्याच बाबतीत पुढच्या शनिवारी पाहिले. पण पंखाबद्दल एक गोष्ट राहिली. तो पंख एका जागी घट्ट बसवलेला नसतो. चालक आत बसून एका दांड्याने तो पुढे-मागे सरकवतो. माती गुळगुळीत होऊ लागली की मागच्या चाकांवर दाब वाढवण्यासाठी मागे नेतो. हे करायचे कधी? फेरी जेमतेम 15-16 सेकंदांत संपते, हेल्मेटच्या काचेवर चिखल साचलेला असतो, समोरचे दिसेनासे झाले की काचेवरचा पातळ पारदर्शक पापुद्रा एका हाताने ओढून टाकायचा असतो, आणि तोच हात पुन्हा स्टिअरिंगवर हवा असतो. दांडा एक फेरी उशिरा ओढला तर मागची चाके सुटतात, लवकर ओढला तर गाडी वळतच नाही.