बिनाकाचे प्राणी म्हणे कचरा!

गंगावेशकर
काल इथं एकानं लिहिलं : "चाळिशी ओलांडलेली माणसं टूथपेस्टच्या खोक्यातले प्लॅस्टिकचे प्राणी शेकड्यानं पैसे मोजून घेतात, घरात कचरा भरतात आणि त्याला छंद म्हणतात." डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपल्या कोल्हापुरात न्यू पॅलेसच्या संग्रहालयात तलवारी, बंदुका, पेंढा भरलेले वाघ जपलेत, आणि ते जपायलाच पाहिजेत. पण १९७०-८० च्या दशकांत मंगळवार पेठेतल्या वाड्यात पोरं कशाशी खेळायची, हे दाखवायला गावात काय शिल्लक आहे? बिनाकाच्या खोक्यातून कुठला प्राणी निघतो, यासाठी आम्ही पेस्ट संपायची वाट बघायचो. दोन हत्ती निघाले की एक शेजारच्याला देऊन बदल्यात गेंडा घ्यायचा. राजवाड्यातल्या वस्तूला राखणदार असतो. फुकट मिळालेली वस्तू घर बदलताना पहिली जाते.

फनस्कूल कंपनीचे जी.आय. जो घ्या, म्हणजे प्लॅस्टिकचे छोटे सैनिक, ज्यांना आम्ही फिगर म्हणतो. १९८७ मध्ये टायरवाल्या एमआरएफनं आणि अमेरिकेतल्या खेळणीवाल्या हॅस्ब्रोनं मिळून ही कंपनी काढली. साचे परदेशी, पण रंग बऱ्याचदा इथलेच, वेगळे. त्या रंगांपायी आज परदेशातले लोक भारतातल्या फिगर शोधतात, आणि आपण त्या किलोवर भंगारात घालतो.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
ती पोस्ट माझीच. एक शब्द मागं घेणार नाही. माझ्या चुलतभावाचा घराचा हप्ता थकलाय आणि फिगरसाठी काचेचं कपाट करून घेतलंय. त्याचंच पोरगं जवळ गेलं की कुलूप! पोराला हात लावू न देणारं खेळणं कसलं, भावा? वहिनीचा चेहरा बघितला असतास तर संग्रहालयाच्या गोष्टी केल्या नसत्यास.

गंगावेशकर
हप्ता थकवून कुणी काहीच घेऊ नये, यात वाद नाही. पण कपाटाला नावं ठेवू नका. उन्हानं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. मऊ पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य वर येऊन फिगर चिकट होते आणि शेजारच्या कडक प्लॅस्टिकलाही खाते. जी.आय. जोच्या पाठीचा स्क्रू काढलात तर कमरेत काळी रबरी रिंग दिसते. ती वाळली की फिगर मधोमध दोन तुकडे. रिंग बदलता येते. पण पोरानं बंदूक जोरात घुसवली आणि हाताचा अंगठा मोडला, तर तो कुठून आणायचा?

पन्हाळा_वाट
बिनाका राहू दे बाजूला. दिवाळीच्या किल्ल्यावर प्लॅस्टिकचे मावळे आलेत, त्याचं काय? माझ्या मामांचं घर बापट कॅम्पात, कुंभारांच्या वस्तीत; मातीचे मावळे करतात. २०१९ च्या पुरात रंगवलेला माल चिखलात गेला, तरी माणूस पुढच्या वर्षी परत बसला. आणि गिऱ्हाईक म्हणतं, "प्लॅस्टिकचा द्या, फुटत नाही."

मंगळवारपेठी
मातीचे मावळे म्हणून निम्मे प्लॅस्टरचे विकतात, ते पण सांग की. प्लॅस्टर काय पंचगंगेत विरघळतंय होय?

पन्हाळा_वाट
मामांवर जायचं काम नाही! ये बापट कॅम्पात, चिखल तुडवून दाखव आणि मग बोल. मावळ्याच्या मिशीचा एक फराटा मारायला हात किती वर्षं बसवावा लागतो, माहिती आहे?

मंगळवारपेठी
मामांचं नाव मी घेतलेलं नाही. बाजाराचं बोललो. आमच्या गल्लीतल्या किल्ल्यावर गेल्या दिवाळीत प्लॅस्टिकचेच होते, पावसात टिकले. मातीच्यांचा चिखल झाला आणि पोरं रडली. पोरांना काय उत्तर देऊ?

पन्हाळा_वाट
पुढच्या वर्षी नवे घ्यायचे, हेच उत्तर. त्यावरच तर कुंभाराचं घर चालतं.

गंगावेशकर
दोघंही माझ्याच मुद्द्यावर आलात. अमेरिकेत मार्क्स कंपनी 'फोर्ट अपाची' नावाचा प्लेसेट विकायची : कुंपण, घोडेस्वार, सगळं एका खोक्यात. तिकडं आज त्यातला एकेक बारका तुकडा शोधून सेट पुरा करणारे आहेत. आपली पोरं तोच खेळ दगड, पोतं आणि माती घेऊन अंगणात उभा करतात, वर हळीव पेरतात. त्यातला जुना मातीचा मावळा कुणी जपलाय? मामांकडं जुने साचे उरले असतील तर आधी त्यांचे फोटो काढून ठेव.

पन्हाळा_वाट
साचे बघतो. पण प्लॅस्टिकच्या मावळ्याला संग्रहात जागा देणार असशील तर फोटो मिळायचे नाहीत.

गंगावेशकर
देणार. तोही या गावच्या पोरांनी किल्ल्यावर मांडलाय.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
साच्यांचं पटलं. ते हातचं काम आहे, जपा. पण पेस्टबरोबर फुकट आलेल्या गेंड्याला शेकड्यानं पैसे का मोजायचे, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. आणि चुलतभावाला मी कपाटाची किल्ली पोराकडं द्यायलाच सांगणार.