माइकची कळ

अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ट्रम्प आणि बायडन यांच्या पहिल्या जाहीर चर्चेत जो गोंधळ झाला, त्याचं सगळं खापर एकांनी सूत्रसंचालक क्रिस वॉलेसवर फोडलंय, ते काही पटलं नाही. २९ सप्टेंबर २०२०ची क्लीव्हलंडची ती चर्चा मी पूर्ण ९० मिनिटं पाहिली होती (डोकं धरूनच). प्रत्येक विषयावर सुरुवातीला दोघांना दोन-दोन मिनिटं अखंड बोलू द्यायचं, हा नियम दोन्ही गोटांनी आधीच मान्य केलेला. वॉलेसनी ट्रम्पना त्याची आठवणही करून दिली. उपयोग शून्य. एकदा तर बायडनही वैतागून "गप्प बसशील का बाबा" अशा अर्थाचं बोलून गेले.

सूत्रसंचालकाच्या हातात असतं काय? आवाज चढवणं आणि विनवणी करणं. ज्याला आडवं यायचंच आहे त्याला दंड नाही, वेळेत कपात नाही. उलट टीव्हीवर तोच जास्त दिसतो.

२२ ऑक्टोबरला नॅशव्हिलमध्ये त्याच दोघांच्या पुढच्या चर्चेत आयोजकांनी त्या दोन मिनिटांपुरता दुसऱ्याचा माइक बंद ठेवला आणि बराच फरक पडला. पुढची खुली चर्चा मात्र दोन्ही माइक चालू ठेवूनच झाली, तरी तिथेही क्लीव्हलंडसारखा कालवा नव्हता.

माइक बंद म्हणजे मुस्कटदाबी, असं कुणीतरी लिहिलंय. पण जून २०२४मध्ये अटलांटाला हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले तेव्हा ज्याची पाळी नाही त्याचा माइक बंदच होता, समोर प्रेक्षकही नव्हते. त्या शांततेत बायडन अडखळले ते लख्ख दिसलं, आणि महिन्याभरात त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली. गोंगाट असता तर बहुधा झाकलं गेलं असतं.